पाणी गोडं का खारं?

टी-शर्टावर छापायचं काय घेणार, असं विचारलं की पेणच्या नानांच्या तोंडून भाव कधीच यायचा नाही. हातातली शाई ओढायची रबराची पट्टी ते बाजूला ठेवायचे, चष्म्यावरून आपल्याला एकदा नीट न्याहाळायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडं पाणी गोडं का खारं?" नवखं गिऱ्हाईक हमखास गांगरायचं. एका गृहस्थांनी म्हणे दुकानाबाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली होती, आपण चुकून भलतीकडे तर नाही ना शिरलो म्हणून.

मी गांगरले नाही. मी भडकले. रोह्याहून सकाळच्या गाडीनं आले होते, पिशवीत गडद निळ्या सुती कापडाचे शिवून घेतलेले बारा शर्ट होते, आणि मला दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. त्यात हा माणूस पाण्याच्या चौकशा करत बसलेला. मी म्हटलं, "गोडं आहे. रोह्याला नदी आहे चांगली. पुढं बोला."

"आनि धुनार कोन?"

"ज्याचे शर्ट ते धुतील. नाना, तुम्हाला छापायचंय की परीटघडीचं दुकान काढायचंय?"

ते हसले. वाईट वाटून घेण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. खडू घेऊन त्यांनी मागच्या भिंतीवर लिहिलं, "रोहा. मुली. गोडं." तो खडू मला पुढं चांगलाच महागात पडणार होता, पण तेव्हा मी मनात एवढंच म्हटलं, चला, एकदाचं पाणी वाहून गेलं.

माझी बाजूही सांगायला हवी. मी मूळची कराडची, दोन नद्यांच्या काठावर वाढलेली. पाणी म्हणजे पाणी, त्याला खारट चव असते ती फक्त समुद्रात, अशी माझी पक्की समजूत. नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले आणि पहिल्याच वर्षी मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. ह्या मुलखात पोरगा चालायला लागला की कबड्डी खेळतो, पण मुलींनी शर्ट घालून मैदानात उतरायचं म्हटल्यावर हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते म्हणाले, "बाई, हे एक वर्ष बघू. जानेवारीत जिल्ह्याच्या स्पर्धांना मुली नीट उतरल्या, शाळेचं हसं झालं नाही, तर पुढं चालू ठेवू. नाहीतर आपलं लेझीम बरं." म्हणजे माझ्या बारा मुलींची कबड्डी त्या एका जानेवारीवर टांगलेली होती. निम्म्या मुली निडीकडच्या भातशेतीच्या घरांतल्या, निम्म्या खाडीकडच्या. शर्ट हवे होते, शर्टावर नंबर हवे होते, आणि सगळे म्हणाले, छापायचं तर पेणच्या नानांकडेच.

नानांचं दुकान म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. बुटका, काटक माणूस. अंगातला बुशशर्ट मुळात कुठल्या रंगाचा होता हे देवालाच ठाऊक, इतके त्यावर ठिपके. दुकानात पाऊल टाकलं की घासलेटचा भपकारा यायचा, कारण छपाईची खळ घासलेटात घोटून करतात. पेणचे लोक त्यांना पाणीवाले नाना म्हणायचे. त्यांचं गाव वडखळच्या अलीकडे खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. आई मिठागरावर कामाला जायची. ते हे सगळं न विचारता सांगायचे, आणि आपण विचारलं तर मात्र आपल्यालाच उलट प्रश्न घालायचे.

त्या दिवशी माझी दुपारची गाडी चुकली. चुकली काय, मीच चुकवली. मुलींच्या नंबरांची फ्रेम कशी बनते हे त्यांनी दाखवायला घेतलं आणि माझा पाय निघेना. मला आपलं वाटायचं, छपाई म्हणजे बटाट्याचे ठसे मारतात तसं काहीतरी असणार. नानांनी लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाळीचं कापड माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "ह्यातून बगा. दिसतंय ना पलीकडचं? मंग शाई पन जाईल. आता आपल्याला पायजेल तिथूनच ती गेली पायजेल. बाकीची भोकं बुजवायची. बस, एवढीच हाय विद्या."

भोकं बुजवायची ती कशी? अंधाऱ्या मोरीत जाऊन त्यांनी त्या जाळीवर एक दाट औषध पसरलं, ते वाळवलं. ट्रेसिंग कागदावर काळ्याभोर शाईनं आकृती काढलेली होती. तो कागद फ्रेमवर, त्यावर काच, आणि हे सगळं काळ्या फडक्यात गुंडाळून आम्ही गच्चीवर गेलो. उन्हात नेऊन त्यांनी फडकं काढलं आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. मला वाटलं, मंत्रबिंत्र म्हणतात की काय! जवळ जाऊन ऐकलं तर काय, "पनवेल... सोमाटणे... रसायनी... आपटा... जिते... हमरापूर... पेण..." एकेका स्टेशनावर थांबत, मधे दम घेत, अगदी पॅसेंजर गाडीच्या चालीनं. पेण आल्याबरोबर फडकं पुन्हा वर!

"हे काय?"

"घड्याळ. कडक ऊन असलं तर पेनला उतरायचं. जरा ढग आला तर नागोठन्यापर्यंत जायचं. पावसाळ्यात रोहा गाठला तरी फ्रेम कच्ची राते कदी कदी."

"आणि कासूला का एवढे थांबता?" हे मी नंतरच्या एका खेपेला विचारलं होतं, ढगाळ दिवशी.

"कासूला क्रॉसिंग असतं ना बाई," ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसू दाबता येईना.

खाली येऊन त्यांनी फ्रेमवर पाणी मारलं. जिथं ऊन लागलं तिथलं औषध घट्ट झालं होतं. जिथं काळ्या शाईची सावली पडली होती तिथलं मऊ राहिलं होतं, ते पाण्याबरोबर सुटून गेलं आणि जाळीत स्वच्छ खिडक्या उघडल्या. ती आकृती बघते तर इंग्रजी आठ! नुसता आठ, इलेक्ट्रॉनिक घड्याळात उमटतो तसा सात पट्ट्यांचा. मी म्हटलं, "नाना, माझे बारा नंबर आहेत, सगळ्या मुली काय आठ नंबरच्या आहेत?"

त्यांनी चिकटपट्टीचे तीन तुकडे फाडले. एक आठाच्या डोक्यावर, एक पायावर, एक डाव्या अंगाच्या खालच्या पट्टीवर लावला. उरला तो चार. "बाई, एका आठात सगळे आकडे हायेत. बारा फ्रेमी केल्या तर बारा फ्रेमींचं लागतं. फ्रेम एका शर्टासाठी केली काय आनि शंभरासाठी केली काय, तिला मेहनत तीच. तवा तापवायला लाकडं लागतातच की, भाकरी एक करा नायतर वीस." हा हिशेब मला तोवर कुणी सांगितला नव्हता. थोडे नग महाग का पडतात आणि जास्त नग स्वस्त का, हे मला एका तव्यावर कळलं.

भावाच्या बाबतीत त्यांचं असंच असायचं. आकडा शेवटी, आधी शाळा. एकदा माझ्यासमोरच एका मंडळाचे अध्यक्ष आले होते. त्यांना शर्टावर चार रंगांत गणपती, पाठीवर मंडळाचं नाव, बाहीवर स्वतःचं नाव, आणि तेही काळ्या नायलॉनच्या टी-शर्टवर. नाना शांतपणे म्हणाले, "शेठ, एकेक रंगाची एकेक फ्रेम. चार रंग म्हंजे एकेक शर्ट चारदा टेबलावर निजनार, आनि चारी येळा त्याच जागी निजला पायजेल. केसभर सरकला तर देवाचा डोळा गालावर येतो. काळ्या कापडावर आदी खादीचा पांढरा थर द्यावा लागतो, नायतर पिवळा रंग चिखलावानी दिसतो. म्हंजे झाले पाच. नायलॉनवर रंग धरत नाय, त्याला वेगळं औषध. बाहीवर शिवन आडवी येते, एकेक बाही हातानं बसवावी लागते. आता बोला, बाहीवर तुमचं नाव कोन वाचनार हाय?" खादी म्हणजे गडद कापडावर छापायची दाट पांढरी खळ, हे मला तोवर कळलं होतं म्हणून मी मान डोलावली. अध्यक्ष मात्र माझ्याकडे रागानं बघायला लागले. शेवटी सुती कापडावर एका रंगात काम ठरलं. जाताना अध्यक्षांनी विचारलं, "पाणी विचारलं नाहीत ते?" नाना म्हणाले, "तुमी पेनचे. तुमचं म्हाईत हाय."

दुकानाच्या मागच्या अंगाला एक दोरी होती. तिच्यावर कापडाचे तुकडे टांगलेले असायचे, कशावर आंबा, कशावर दोन अक्षरं, कशावर नुसता एक पाय. प्रत्येक कामाचा एक तुकडा नाना आधी छापायचे आणि तो बायकोकडे द्यायचे. वहिनी तो धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा धुवायच्या. सात धुणी झाली की मगच माल गिऱ्हाइकाच्या हातात. आणि काम खारेपाटातलं असलं तर नाना एस.टी.नं गावी जाऊन विहिरीच्या पाण्याचा कॅन भरून आणायचे, नळाचं गोडं पाणी दारात असताना! कंडक्टर म्हणे त्यांना विचारायचा, "नाना, सगळं जग पेनहून गावाला पानी नेतं, तुमी उलटं काय चालवलंय?"

मी एकदा वहिनींना म्हटलं, "तुम्ही कंटाळत नाही का हो?"

"कंटाळून सांगू कोनाला? ते म्हनतात, मी छापतो पन परीक्षा तूच घेतेस. पास-नापास माज्या हातात ठेवलंय ना, म्हनून धुते गो बाय," त्या म्हणाल्या आणि तुकडा असा काही दगडावर आपटला की आपणच नापास होऊ म्हणून मी दोन पावलं मागं सरले.

तर माझे बारा शर्ट गोड्या पाण्यात सात वेळा पास झाले. नानांनी ते घडी घालून दिले. पुढं शाळेचं नाव, मागं पांढराशुभ्र नंबर. मुलींनी ते पहिल्यांदा घातले त्या दिवशी आमच्या मैदानाला एकदम भारदस्तपणा आला. चार नंबर सुनंदाचा. ती खाडीकडच्या गावातली, संघाची कप्तान. तिच्या चढाईला मी स्वतः घाबरायचे. ती नंबर लावून घरी गेली ती शर्ट काढेचना, असं तिची मैत्रीण सांगत होती.

दिवाळी सरली, थंडी आली, आणि डिसेंबरच्या अखेरीला मी एक गोष्ट बघितली. सरावाला सुनंदा चढाई करून परतली तेव्हा तिच्या मागं मातीत पांढरा भुगा पडला होता. मी तिला पाठमोरी उभी केली. चाराची एक पट्टी गायब. बोट लावलं तर बोटाला पांढरं. छपाई अशी उतरत नाही. मी म्हटलं, "हे काय गं?"

तिच्याऐवजी दुसरीच कुणीतरी बोलली, "बाई, तिचे आयेनं चुन्यानं काढलाय नंबर. छापलेला कवाच गेला."

मी एकेकीला वळवून बघितलं. खाडीकडच्या सहाही मुलींचे नंबर भेगाळले होते, दोघींचे तर वाचताच येत नव्हते. पोरी पंधरा दिवस माझ्यापासून लपवत होत्या, का तर बाई रागावतील आणि संघातून काढतील. माझ्या रागाची एवढी ख्याती! त्या दिवशी मला माझी लाज वाटली. पण लाजेला वेळ नव्हता. स्पर्धा दोन आठवड्यांवर, आणि पंचांचं पत्र टेबलावर पडलेलं की पाठीवर स्पष्ट नंबर नसलेल्या खेळाडूला मैदानात घेणार नाही. सहा मुली बाहेर म्हणजे संघच बाहेर. हेडमास्तरांनी तर लेझमांना तेल लावायला घेतलं असतं.

ते सहा शर्ट पिशवीत कोंबून मी पेण गाठलं. सबंध वाटेत नानांना काय काय सुनवायचं ह्याची उजळणी केली. दुकानात शिरल्याबरोबर पिशवी टेबलावर उपडी केली. "हे बघा तुमचं सात धुण्यांचं काम! माझ्या मुलींचा संघ बाद होईल तुमच्यामुळं!"

नानांनी सुनंदाचा शर्ट उचलला, उजेडाला धरला, आणि शर्टाचा खालचा घेर तोंडाशी नेऊन चक्क चाटला. मी बघतच राहिले. घामाची शंका माझ्या तोंडावर दिसली असावी, कारण ते म्हणाले, "घाम पाठीला आनि काखंत असतो. घेराला नाय. हे पानी खारं हाय, बाई." मग त्यांनी नुसतं भिंतीकडे बघितलं. "रोहा. मुली. गोडं." खडू जसाच्या तसा होता.

मी शाळेचं पाणी सांगितलं होतं. मी राहते तिथलं पाणी सांगितलं होतं. शर्ट धुणार होत्या सुनंदाच्या आईसारख्या बाया, आणि त्यांच्या विहिरी दिवाळीनंतर खाऱ्या होतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. सुनंदाच्या घरी मी एकदाही गेले नव्हते. मी म्हटलं, "नाना, चूक माझी. मला माफ करा." असं मी फारसं कुणाला म्हणत नाही.

"चूक कसली," ते म्हणाले. "खारं पानी छाप काढत नाय, बाई. खाऱ्या पान्यात साबन फेसत नाय. फेस आला नाय की बाईमानसाला वाटतं, कापड निघालं नाय. मंग ती सोडा टाकते, घासते, आपटते. छाप काढतो तो हात." आणि मग त्यांनी त्यांच्या पहिल्या कामाची गोष्ट सांगितली. छपाई शिकून आल्यावर पहिलं काम म्हणून त्यांनी स्वतःच्या गावच्या कबड्डी संघाचे शर्ट छापले होते, मोठ्या हौसेनं. महिन्याभरात गाव मैदानात उतरलं ते कोऱ्या शर्टांनी. समोरचे ओरडले, नाव सांगायला लाजता काय रे? नाना घरी जाऊन आईवर चिडले, तू कसं धुतलंस म्हणून. मिठागरावर फुटलेले, खरखरीत दोन्ही तळवे त्या बाईनं त्यांच्यापुढं धरले आणि म्हणाली, "छापायच्या आदी या हातांना इचारलास का?"

"तवापास्नं विचारतो," नाना म्हणाले.

मला वाटलं, ते शर्ट ठेवून घेतील. त्यांनी ते माझ्याकडे परत दिले. "हे गोड्या पान्यातून काढून वाळवा. आयतवारी मी रोह्याला येतो. पोरींच्या आयांना बोलवा. मना त्यांना बगायचंय."

रविवारी ते आले. खांद्यावर गोणपाटात फ्रेम, हातात खळीचा डबा, मागं वहिनी. शाळेच्या पटांगणात बाकं जोडून आम्ही टेबल केलं. खाडीकडच्या सहा आया एका ओळीत बसल्या होत्या, पदर डोक्यावर, तोंडावर हात, शाळेत बोलावलंय म्हणजे पोरीनं काय दिवे लावले ह्या काळजीत. नानांनी चाराच्या चिकटपट्ट्या लावल्या. आधी त्याच निळ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर एक चार छापून बघितला, मग सुनंदाचा शर्ट. ह्या खेपेला खळीत रंग कापडाला धरून ठेवणारं बांधणीचं औषध जास्त, आणि एका हाताऐवजी दोन हात. पहिला थर मारायचा, उन्हात सुकवायचा, मग त्याच जागी दुसरा. ते म्हणाले, "खाऱ्या पान्याचं काम असंच. खळ दुप्पट, ऊन दुप्पट, येळ दुप्पट. म्हनून तर आदी विचारतो. लोकांना वाटतं, नाना खारेपाटाला जास्त लावतो. मी खारेपाटाचाच भाव लावतो हो, गोड्या पान्यावाल्यांना कमी करून देतो."

सुकल्यावर कोळशाच्या इस्त्रीनं उलट्या बाजूनं शेक द्यायचा होता, त्यानं छाप पक्का होतो. तो वहिनींनी दिला. मग नाना आयांसमोर उभे राहिले आणि सांगायला लागले, आठ दिवस पाणी लावायचं नाही, मग शर्ट उलटा करून धुवायचा, सोडा नाही, दगडावर आपटायचा नाही.

सुनंदाच्या आईनं तोंडावरचा हात काढला. ती म्हणाली, "उलटा करून धुवायचा? न् मळ तं सुलट्या अंगाला असतो. तुमी कदी धुतलाव का कापडा?"

नानांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी इस्त्रीकडे बघितलं.

"नाय," नाना म्हणाले. "मी निस्ता विचारतो. धुते ही."

सगळ्या बाया एकदम खो खो हसल्या. मग वहिनीच पुढं झाल्या, खाली बसल्या, आणि हातानंच करून दाखवलं, कॉलर आणि काखा सुलट्या बाजूनं चोळायच्या, पाठ उलटी करून नुसती दाबायची. बाया बायांचं जमलं. अर्ध्या तासात तिथं साबणापासून सासवांपर्यंत सगळं बोलून झालं. नाना बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत होते, आणि त्यांच्या खिशातला खडू त्यांना छळत असावा, कारण ते सारखे भिंत शोधत होते.

जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या मुली उपांत्य फेरीत एका गुणानं हरल्या. मी रडले, मुली रडल्या. पण त्याआधीच्या दोन सामन्यांत काय झालं ते सांगते. लाउडस्पीकरवरून सारखं येत होतं, "चार नंबरची चढाई... चार नंबरला दोन गुण..." सुनंदाची आई दोरीपलीकडे उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण तिनं तो चार हातानं, चुन्यानं, पट्टीपट्टीनं काढला होता, एकदा नाही, दर धुण्यानंतर. ती शेजारणीला हलवून सांगत होती, "चार म्हंजे आमची! तो आकडा माजे वळखीचा हाय!" हेडमास्तर तिच्या मागंच उभे होते. परत आल्यावर ते म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी सगळ्यांचे शर्ट नवे करा." लेझमांचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढं मी दरवर्षी नानांकडे जात राहिले. दम टिकवायच्या सरावाला मुलींना मी त्यांची स्टेशनं शिकवली. एका श्वासात पनवेल ते पेण गेली तर कच्ची, रोहा गाठलं तर चढाईला पाठवायची. नानांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुलला! फक्त म्हणाले, "कासूला थांबतात ना?"

मग माझी बदली कराडकडे झाली. पत्र लिहीन असं मी म्हणाले आणि लिहिलं नाही, जसं आपण सगळेच करतो. दशक संपता संपता रोह्याला एका लग्नाला आले होते, सुनंदाच्याच. परतताना पेणला उतरले. दुकानाला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, नाना पावसाळ्यात गेले. आजार म्हणावा असा काही नव्हता, दोन दिवस ताप आला आणि गेले. माझ्या हातात लग्नातला लाडवांचा पुडा होता, त्यांच्यासाठी घेतलेला.

मागच्या अंगाला गेले तर दोरी होती. रिकामी दोरी, आणि तिच्यावर फक्त एक तुकडा. निळा, विरून जाळीसारखा झालेला, आणि त्यावर पांढरा चार. एकही पट्टी तुटलेली नव्हती.

वहिनी दारात आल्या. मला बघून आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. मी त्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

"तुमच्या पोरींचा," त्या म्हणाल्या. "ते म्हनाले व्हते, ही परीक्षा सात धुन्यांची नाय, फाटंपर्यंत धू. मना बगायचंय, खाऱ्या पान्यात कुटवर टिकतो. दर आठवड्याला कॅन भरून आनायचे."

"आणि आता?"

"आता मी आनते."

"अहो वहिनी, पण दुकान बंद. आता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून कराडचीच राहिले आहे. "थांब म्हनून सांगितलं नाय ना त्यांनी."

मोरीच्या कडेला कॅन होता, नुकताच गावाहून आणलेला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारं. लाडवांचा पुडा मी वहिनींच्या हातात दिला, साडीचा ओचा खोचला आणि दगडापाशी बसले. त्या आठवड्याचं धुणं मी धुतलं, उलट्या बाजूनं, नुसतं दाबून.